शुक्रवारची अंडी

येरुहाम,
गुरुवार, १४ मे १९९८

चि. हाइम यास जेमाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल. शेजारच्या शुलामितच्या मुलीचं लग्न ठरलं, परवा मलिद्याचा विधी झाला. तुझ्या वाटचा प्रसाद तिच्या योसीने खाल्ला. माझे गुडघे कुरकुरतात, पण लॅबला जायची बेअर-शेवाची सकाळची बस चुकत नाही. इथवर खुशाली. आता भांडण.

तू बोस्टनहून आपल्या प्रोफेसरला, हिलेलला, पाठवलेली ई-मेल त्याने छापून माझ्यापुढे ठेवली. तू लिहितोस, “प्रयोगाच्या वेळा वहीत जेमायमा लिहायची. तिचं वय झालंय, गोंधळ झाला असेल.” अरे, मी एकोणपन्नासची आहे. तुझ्या बार-मित्झ्वाला, म्हणजे आपल्यातल्या मुंजीला, तोरा ग्रंथातली ओळ मीच पाठ करून घेतली होती, तेव्हाही गोंधळ तुझाच व्हायचा.

तू विसरला असशील म्हणून सांगते. कोंबडीच्या पिल्लाच्या पंखातले स्नायू पंखात जन्मत नाहीत. त्यांच्या पेशी कण्याच्या बाजूने निघतात आणि पंखाच्या कोंबात चालत जातात. कोंबातलं एक रसायन, ग्रोथ फॅक्टर, त्यांना बोलावतं. आपण कवचाला खिडकी पाडून त्या फॅक्टरमध्ये भिजवलेला मणी कोंबाच्या टोकाशी ठेवायचो आणि बरोबर चोवीस तासांनी गर्भ वाढ थांबवणाऱ्या औषधात घालून पेशी कुठवर पोचल्या ते बघायचो. काही अंड्यांत नुसता पाण्यातला मणी, तुलनेसाठी. हे मी अकरा वर्षं करते आहे. तुलाही मीच शिकवलं.

तुझ्या शोधनिबंधाच्या त्या आठवड्यात पाण्याच्या मण्यांची अंडी सोमवारची होती. फॅक्टरची तू शुक्रवारी दुपारी केलीस. शाब्बातला, शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंत, मी लॅबमध्ये पाऊल टाकत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. तू शाब्बात पाळत नाहीस, म्हणून शनिवारी दुपारी तू जाणार होतास. तू गेलास एलातला, पोहायला. शाब्बात उतरल्यावर पहिल्या बसने मी गेले आणि गर्भ काढले. वहीत लिहिलं, “तेहेतीस तास.” माझ्याच अक्षरात आहे, स्वच्छ.

तेहेतीस तासांत त्या पेशी मण्याशिवायही तिथवर पोचतात. तू मात्र सोमवारची चोवीस तासांची अंडी शेजारी मांडलीस आणि जगाला सांगितलंस, बघा, आमच्या मण्याने ओढून नेल्या. हिलेलची नवी विद्यार्थिनी रोनित बिचारी त्याच निबंधावर पुढचं काम करते. वर्षभर तिचं काही जुळेना. हिलेल तिला ओरडायचा, ती बाहेर जाऊन रडायची. गेल्या आठवड्यात तिने जुनी वही मागितली, तेव्हा सगळं उघडं पडलं. तरी तू म्हणतोस, म्हातारीचा गोंधळ. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मला संताप आलाय, हाइम. लिहिताना पेन कागदात रुततंय.

पण सगळा संताप तुझ्यावर नाही. हिलेलने मला सरळ विचारलं, “जेमायमा, निबंध गेला तेव्हा तुला माहीत होतं?” मी म्हटलं, “नाही.” बसमध्ये बसले आणि येरुहाम येईपर्यंत घाम पुसत होते.

कारण ते खोटं होतं. निबंध जाण्याआधी तू मला त्यातले फोटो दाखवायला घरी आला होतास. मी बघताक्षणी म्हटलं, “ही तर शुक्रवारची अंडी.” तू म्हणालास, “ताई, तेवढ्याने काय बिघडतं? बोस्टनवाले निबंधासाठी थांबलेत.” आईने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. तेच आठवलं आणि मी म्हटलं, “हात धू, जेवायला बस.” तो विषय पुन्हा काढला नाही. तुझं भलं करायला निघाले आणि एका परक्या मुलीचं वर्ष बुडवलं.

काल हिलेलकडे परत गेले. वही पुन्हा उघडून ठेवली. कागदावर लिहून दिलं की मी पाहिलं होतं आणि गप्प राहिले. तो म्हणाला, “निबंध मागे घ्यावा लागेल. तुझ्या नोकरीचं महिनाअखेरीस कळवतो.” मी बरं म्हटलं.

तुझं मात्र मी लिहून दिलेलं नाही. ते तू लिहायचंस, हिलेलला आणि रोनितलाही, तुझ्या नावाने. महिना संपायच्या आत फॅक्स कर. मला उत्तर देशील ते मराठीत दे. हिब्रूत तू फार गोड खोटं बोलतोस.

जेमायमा

(सहीआधी “तुझी” लिहायला आज हात उठत नाही. तू खरं लिहिलंस की मी हे पत्र परत मागवीन आणि तो शब्द घालीन.)