वरची गोळी, खालची गोळी

३ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे माणसं ठीक आहेत, कुत्र्याचं बिनसलंय. हवालदार खुर्चीवरून उडी मारायला गेला आणि पाठ धरून बसला. वय झालं, खोड गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या दिल्यात. एक दुखण्यावर, ती खाण्याबरोबरच द्यायची. दुसरी आखडलेले स्नायू सैल करणारी. तिच्याने पेंग येईल, पाय लटपटतील, घाबरू नका, असं त्या म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरच्या साहेबांना मी काही कळवलेलं नाही. कठड्याला हिरवा रंग दिला म्हणून जो सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाही, त्याला कुत्र्याच्या पाठीचं काय कळणार?

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, बाळ्या

५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

खालच्या तुझ्या लाडक्याने हवालदाराची पार वाट लावली. संध्याकाळी जिना चढून माझ्याकडे येतो तो झोकांड्या खात. औषध नाही, उपचार नाही. खाली विचारायला जाऊन मी नाक कापून घेऊ काय? शेवटी माझ्या गुडघेदुखीची अर्धी गोळी पावात दडवून रोज देतोय. मला लागू पडते, त्याला का नाही पडणार? कालपासून अन्नाला तोंड लावत नाही, दोनदा ओकला. खालचं शिळंपाकं बाधलं असणार.

माझ्यावरची माया त्या दिवट्यापेक्षा कणभर जास्तच ठेव.
तुझा, अण्णा

८ मार्च

चि. अण्णा आणि चि. बाळ्या यांस,
अ. उ. आ.

दोघांना एकच मजकूर लिहितेय, कारण अक्कलही दोघांत मिळून एकच दिसते, आणि तीही अर्धी. काल दोन्ही पत्रं एकदम हातात पडली आणि कपाळावर हात मारला. फोनवर ओरडायचं तेवढं ओरडले, उरलेलं इथे.

अण्णा, माणसाची गोळी कुत्र्याला चालत नाही, अर्धीही नाही, पावातूनही नाही. त्यात एक दुखण्याची गोळी पोटात असताना वर दुसरी! आतडं सोलून निघतं, मूत्रपिंडं बसतात. डॉक्टरीणबाईंना मीच फोन करून तुझ्या गोळीचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला तडक दवाखान्यात आणायला सांगितलं. तू ज्याला दुखणं समजलास, ती बाळ्याच्या गोळीची पेंग होती रे शहाण्या!

आणि बाळ्या, तू हसू नकोस. डॉक्टरने दिलेलं औषध घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. एवढं वाक्य जिना चढून सांगायला तुझी जीभ झडली असती का? त्या मुक्या जिवाने तुमच्यासारख्या दोन बैलांवर विश्वास टाकला, आता तो दवाखान्यात सलाईनच्या सुईला टांगून पडलाय. मला रडू येतंय आणि तुमचा संतापही येतोय. तो गेला तर मला तोंड दाखवू नका.

आशीर्वाद दिलाय तो सवयीने. त्यावर फार विसंबू नका.
अक्का

१६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हवालदार वाचला. शी डांबरासारखी काळी होत होती, आता थांबली. कालच घरी आणला. दुखण्याची गोळी कायमची बंद. स्नायूंची तेवढी, तीही कमी करून. उडी बंद, जिना बंद.

जिना बंद म्हटल्यावर मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? कुत्रा आता माझाच, वरच्यांनी बसावं कठडा चाटत. पण संध्याकाळ झाली तसा हवालदार पायरीपाशी जाऊन वर बघत कुंईकुंई करायला लागला. डोक्यावर हात फिरवला तरी हटेना. मी स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो तर अण्णा सतरंजी घेऊन खाली आलेला. माझ्याकडे न बघता हवालदारापाशी आडवा झाला. माझ्याच घरात, न विचारता! मीही ढिम्म बसून राहिलो. आज सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्याने बाहेरून विचारलं, गोळी दिलीस का म्हणून. मी दिली म्हणालो. नक्की ना, असं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो.

अक्का, त्याचा आवाज केवढा कापरा झालाय गं. मला ठाऊकच नव्हतं.

राग ओसरला की उरेल तेवढा लोभ दोघांत वाटून दे.
तुझा, बाळ्या