बाबांची अर्धी मिशी

रविवार, संध्याकाळ. कंधार.

लॅपटॉपला जोडलेल्या नव्या ड्रॉइंग टॅबलेटवर मी बाबांचं चित्र काढून राहिले होते. मिशी अर्धी झाली की कर्सरचा बाण गायब. पेन बिघडलं की माझाच हात? पुसून पुन्हा काढली, तरी मिशी अर्धीच.

तेवढ्यात आईनं बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला. “अगं, टीव्हीत बाण पळून राहिलाय.”

काल ताईच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली होती, ती तशीच राहिली. म्हणजे लॅपटॉपनं टीव्हीला दुसरा पडदा धरलं अन् अर्धा टॅबलेट टीव्हीवर चालत होता. येडीच हाय मी.

वायर काढली, मिशी पुरी झाली. बाबांनी चित्र बघितलं. आरशापुढं गेले, मिशीला पीळ देऊन आले अन् खुर्चीत ताठ बसले.

“हां, आता काढ.”