युफोनियम लेकीचे, साक्ष दादाची

मी खाली सही करणार, पंपांच्या कारखान्यातला निवृत्त फिटर आणि त्याच कारखान्याच्या बँडमध्ये उभी हयात युफोनियम वाजवलेला माणूस, ज्याला तिथे सगळे ‘भोंगा’ म्हणत, असे लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे गेली असली तरी डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे, हेही सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून फसवलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, आणि श्वासाची अवस्था पाहता यापुढे करीन असे वाटत नाही. मजकूर मी सांगितला, वकीलबाईंनी लिहून घेतला. मध्येमध्ये त्या ‘हे कायद्यात बसत नाही’ म्हणत होत्या. तेही लिहा म्हणालो.

कलम १. राहती दोन खोल्यांची जागा लेकीला. चिरंजीव परगावी स्वतःच्या घरात सुखात आहे. तो फोनवर माझी तब्येत विचारतो आणि मी उत्तर देण्याआधी ‘काळजी घ्या’ म्हणतो. त्याचा राग नाही. पण मला उठवून बसवते, पाठ पुसते, ऑक्सिजनची नळी नाकाला टोचू नये म्हणून खाली कापूस ठेवते, ती लेक.

कलम २. बँकेत जे शिल्लक निघेल ते दोघांना सारखे. भांडायचेच झाले तर माझ्या फोटोसमोर भांडू नये.

कलम ३. पाने, कानशी, हातोड्या चिरंजीवाला. त्याला त्यातले काय कशाला लागते ते ठाऊक नाही, पण जड आहेत, पेपर उडू नयेत म्हणून ठेवता येतील. पक्कड खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांकडे केव्हापासून पडून आहे. ती त्यांनाच देणार होतो. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, दिले तरी रद्द होते, असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा शिंप्यांनी पक्कड परत करावी.

कलम ४. युफोनियम. या कागदाचा जीव यात आहे. बाकीचे लिहिले नसते तरी चालले असते. हे पोटाशी धरून वाजवायचे पितळी वाद्य मी माझ्या ओव्हरटाइममधून घेतले आहे, बँडच्या पैशाने नव्हे. जुन्या वाद्यांच्या दुकानात दोन होती. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू आणि आमचा बँडमास्तर, चकचकीत होते त्याच्यापाशी गेला. मी पोचा पडलेले उचलले. दुकानदार म्हणाला, ‘जोरात फुंका, घाबरू नका.’ मी हळू फुंकले. जोरात कोणतेही वाजते. हळू फुंकल्यावर अगदी खालच्या सुरात जे फाटत नाही, ते घ्यावे. मग पिस्टन एकेक दाबून सोडले. चकचकीत होते त्याचा तिसरा पिस्टन वर यायला आढेवेढे घेत होता. पोच्याचे सुराला काही वाटत नाही. ‘बँडची शोभा घालवलीस,’ असे म्हणून दादा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. हे वाद्य लेकीला, आणि तिच्यानंतर तिला वाटेल त्याला.

कलम ५. माउथपीस. डब्यात आहेत ते सगळे लेकीला. माउथपीस निवडताना आपला ओठ आणि आपले दात पाहावेत, दुसऱ्याने केलेले कौतुक पाहू नये. वाटी खोल असली की आवाज गडद येतो, पण दम जास्त लागतो. पातळ कडेने ओठ मोकळा राहतो म्हणतात, पण भरलेला ओठ आणि त्यामागे किंचित पुढे आलेला दात असला की तीच कड आत रुतते. लेकीचे ओठ तिच्या आईसारखे, आणि एक दात पुढे. म्हणून मी तिला रुंद कडेचा घेऊन दिला होता. त्याची दांडी वाद्यात डुगडुगत नाही, हे दुकानातच पाहून घेतले होते. त्यावर ती अशी वाजवायची की मी माझे काम टाकून ऐकत बसायचो. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.

कलम ६. एका वर्षी कारखान्याने मला पंप बसवायला दूर पाठवले. बँडमध्ये माझ्या जागी लेक वाजवणार होती, म्हणून माझे वाद्य मी तिच्यासाठी घरी ठेवून गेलो. त्या वर्षी स्पर्धेसाठी दादाने सगळ्या युफोनियमवाल्यांना एकाच मापाचे माउथपीस वाटले, खोल वाटीचे, पातळ कडेचे. गणवेश एक, चाल एक, मग माउथपीस वेगवेगळे का, असे त्याचे म्हणणे. असली चूक बँडमास्तरच करू जाणे. गणवेश शिवणारासुद्धा आधी मापे घेतो. लेकीचा रुंद कडेचा माउथपीस त्याने काढून घेतला. वरचे सूर येईनात म्हणून ती वाद्य ओठावर दाबत गेली, आणि स्पर्धेत वाजवतानाच ओठाच्या आतला स्नायू फाटला. बँडला ढाल मिळाली. ती दादाच्या भिंतीवर आहे. त्यानंतर लेक जरा वर गेली की सूर चिरायचा. मी परत आलो तेव्हा वाद्य चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलेले होते.

मी दादाला क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. मात्र अन्याय नको म्हणून नोंदवतो: दादाला स्पर्धेपूर्वी माहीत नव्हते. तिचा ओठ दुखतो आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, असे खुद्द लेक म्हणाली. या एका गोष्टीच्या जोरावर मी इतकी वर्षे त्याच्या घरी जेवलो आहे.

आता बँडला युफोनियम हवे आहे. मी गेलो की दादा येईल, मागेल, आणि लेक देऊन टाकेल. तिने काकाला कधी कशाला नाही म्हटलेले नाही. इकडे मला झोप लागली असे समजून ती दुपारी न्हाणीघराचे दार लावते, नळ सोडते आणि नुसता माउथपीस ओठाला लावून फुंकते. सूर चिरतो. ती पुन्हा फुंकते. हल्ली कमी चिरतो. वाद्य गेले तर हे फुंकणेही बंद पडेल. मला मरणाची नाही इतकी त्याची धास्ती आहे.

कलम ७. म्हणून दुसरा साक्षीदार दादा. पकडीचा नियम त्यालाही लागू. आतला मजकूर साक्षीदाराने वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. त्याने सगळे वाचावे आणि मग सही करावी.

कलम ८. मला नेताना बँड वाजवू नये. कोणाला वाईट वाटले तर वाटू दे.

पुरवणी, शेवटच्या सह्यांपूर्वी, त्याच दुपारी सांगितलेली.

दादा आला. पलंगाशेजारी बसून त्याने सगळे वाचले. सहाव्या कलमाशी थांबला, चष्मा पुसला, पुढे वाचले. मग कागद ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेला. मधली भिंत पातळ आहे. मला, वकीलबाईंना आणि शिंप्यांना सगळे ऐकू आले.

‘पोरी,’ तो म्हणाला, ‘तुझ्या बाबाने रागाच्या भरात काहीबाही लिहून ठेवलंय. घरात नुसतं पडून राहणार ते. तू देशील ना मला?’

मला वाटले, झाले, गेले वाद्य.

‘नाही देणार, काका.’

‘अगं, पण तुला वाजवता येतं का आता?’

‘स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला ओठ उलटा करून दाखवला होता. रक्त येत होतं. तुम्ही म्हणालात, उद्याचं तेवढं वाजव, मग बघू. आणि बाबांना सांगू नकोस, आम्हा भावाभावांत वितुष्ट येईल. मी नाही सांगितलं. आणि आज तुम्हीच विचारताय, वाजवता येतं का?’

दादा परत येऊन खुर्चीत बसला. मी वकीलबाईंना म्हणालो, सहाव्या कलमातले ‘दादाला स्पर्धेपूर्वी माहीत नव्हते’ हे वाक्य खोडा. एकच रेघ मारा, खालचे वाचता आले पाहिजे. त्या म्हणाल्या, खोडलेल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही लागेल, नाहीतर ती खाडाखोड धरली जाणार नाही. मी केली. शिंप्यांनी केली. दादाने पेन घेतले आणि तसाच बसून राहिला.

‘धाकट्या,’ तो म्हणाला, ‘एवढं एक राहू दे ना.’

मी कागदावर बोट ठेवले आणि त्याची सही होईपर्यंत उचलले नाही.

ठिकाण: राहते घर, आतली खोली, पलंगावर बसून.
दिनांक: अकरा नोव्हेंबर.

मृत्युपत्र करणार: भोंगा. सही थरथरती आहे, पण माझी आहे.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा शिंपी. भोंगासाहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. पक्कड आणून दिली.

साक्षीदार दुसरा: थोरले बंधू, बँडमास्तर. सर्व वाचून सही केली.

कलम ६ मधील खोडलेल्या वाक्यापाशी सह्या: भोंगा. शिंपी. दादा.