राखणदाराची घंटा

४ मे

पोहोचलो एकदाचे! एक ट्रंक, दोन पिशव्या, धाकटीची काठी आणि तिच्या न संपणाऱ्या सूचना, एवढं सगळं घेऊन दुपारी तळ्यावर उतरलो. बहीण धाकटी असली तरी हुकूम तिचेच चालतात. खोली बोटघराच्या वर आहे. जिना करकरतो, खिडकीची एक काच तडकलेली आहे, पण खिडकी उघडली की खाली थेट पाणी. आजपासून मी इथल्या पोहण्याच्या क्लबची शिक्षिका आणि जीवरक्षकही. दोन माणसांचं काम एकीच्या गळ्यात घालून सेक्रेटरी मोकळे झाले.

मला चालेल. ही नोकरी मी धाकटीसाठीच धरली आहे. अपघातानंतर तिच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली काही कळत नाही, टाचणी टोचली तरी नाही. रोज पोहलं तर पाय जागा होऊ शकेल, असं डॉक्टर म्हणतात. तिनं काठी आताच दाराआड लपवून ठेवली आहे. अपशकुनी दिसते म्हणे.

६ मे

बोटघर आवरलं. दोर, फुगलेले लाकडी दांडे, कुणाची तरी एकच चप्पल. कोपऱ्यातल्या जुन्या बोटीत, तळाच्या चिखलात, वीतभर उंचीची, मूठ असलेली पितळी घंटा सापडली. जुन्या राखणदाराची, असं सेक्रेटरी म्हणाले. म्हातारा हिवाळ्यात वारला. घंटेचं तो काय करायचा, विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. मी ती घासूनपुसून लख्ख केली आणि धक्क्यावर टांगली. नियमही करून टाकला: घंटा वाजली की सगळ्यांनी पाण्याबाहेर. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

९ मे

सकाळची मंडळी ओळखीची झाली. निवृत्त मास्तर पोहता पोहता भाषण देतात आणि नाकातोंडात पाणी गेलं की तेवढ्यापुरते थांबतात. एक नणंद-भावजय शेजारी शेजारी पोहत अख्ख्या गावाची धुणी धुतात. धाकटी पहिल्याच दिवशी त्यांच्यात सामील! पाण्यात ती लंगडत नाही. मला ते बघून रडू आलं, मग चेहरा धुतला.

रोज वर्ग संपला की घंटा वाजवते. आवाज गोड आहे, पलीकडच्या काठापर्यंत जातो.

१३ मे

आज मास्तरांच्या टाचेला मासा चावला. आधी सगळे हसले, मास्तरसुद्धा. मग रक्त दिसलं. मी घंटा वाजवली आणि गोंधळच उडाला. शिडीपर्यंत येता येता नणंदेच्या पोटरीला चावा, आणखी दोघांना चावे. धक्क्याखाली वाकून पाहिलं तर काळसर, हातभर लांबीचे मासे. खूप. तोंडं वर करून होते.

१५ मे

पुन्हा तेच. एकाला चावतो, मी घंटा वाजवते, बाहेर येईपर्यंत पाच-सहा जण रक्ताळलेले. मास्तर यायचे बंद झाले. सेक्रेटरींच्या मते विणीच्या दिवसांत मासे असे बिथरतात, आठवड्याभरात निवतील. त्यांचं काय जातंय, ते पाण्यात उतरतात कुठे!

१८ मे

धाकटी आज पाण्यातून ओरडतच आली. पायाला कळलं म्हणाली. चिमटा घेतल्यासारखं, खरंच, ताईची शपथ. मला मिठी मारून ती रडत होती आणि मी खाली बघत होते. टाचेवर बारीक दातांची अर्धगोल ओळ. रक्त फळीवरून ओघळत होतं.

तिला दाखवलं. तर म्हणते, चावू देत गं ताई, मला कळलं ना!

डॉक्टर खूश. पाय जागा होतोय, आता पोहणं थांबवू नका, म्हणाले. थांबवू कशी?

२० मे

पाव आणायला गेले होते. बेकरीवाल्या मावशींनी सहज सांगितलं, राखणदार रोज त्यांच्याकडून शिळे पाव न्यायचा. बोटीने पलीकडच्या काठाला जायचा, घंटा वाजवायचा आणि माशांना खाऊ घालायचा. मासे तिकडे गुंतलेले असले की इकडची माणसं निवांत पोहायची. शेवटी तोच बोटीतून पडला. काही दिवसांनी सापडला. कसा सापडला, ते विचारू नकोस, म्हणाल्या.

घंटा म्हणजे जेवण. आणि ती मी इकडच्या धक्क्यावर टांगली. माणसं पाण्यात असताना वाजवत होते. मी, जीवरक्षक!

२१ मे

घंटा काढली. आता राखणदारासारखंच करायचं. धाकटी पाण्यात असेल तेवढा वेळ मी पलीकडे. इकडे सेक्रेटरी लक्ष ठेवतील. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. घंटेशिवाय धोक्याची सूचना कशी देणार, म्हणून उलट तेच चिडले. शिट्टी आहे ना, म्हटलं.

२३ मे

जमलं! मासे सगळे माझ्याकडे. धक्क्याकडे कुणाला एकही चावा नाही. धाकटीला अंगठा हलवता आला. जिवात जीव आला. बोटीत बसून लिहायची सवय लागली आहे.

२६ मे

पाव खात नाहीत. तुकडे पाण्यावर तसेच भिजत राहतात. मासे बोटीभोवती थांबतात आणि वर बघतात. माझ्याकडे.

राखणदारानंतर त्यांना पाव कसा चालेल—

नको तो विचार.

२७ मे

बोटीला खालून धक्के. हात आत ठेवून बसले. घंटेच्या मुठीवर बोटांच्या जागी खड्डे पडले आहेत, राखणदाराच्या बोटांचे. माझी बोटं त्यात नेमकी बसतात. उद्या येऊ नये असं वाटतं.

पण मी आले नाही तर ते तिच्याकडे—

२८ मे

पलीकडचा काठ. धाकटी आज काठीशिवाय धक्क्याच्या टोकापर्यंत चालली. मी इथून पाहिलं. पाण्यात उतरली. मी घंटा वाजवली.

आले सगळे. पाण्याला रंगच उरला नाही, नुसत्या पाठी. थांबू देत. ते इथे आहेत तोवर ती—

सेक्रेटरी धक्क्यावर स्टुलावर चढलेत. काहीतरी टांगतायत. उन्हात चकाकतंय.

नाही. नवीन घेतली की काय—

मासे वळले. सगळे, एकदम. समोर रिकामं पाणी.

घंटा. माझी माझ्या मांडीवर आहे, लोलक मुठीत घट्ट धरलाय, आणि तिकडून—

ओरडतेय, आवाज पोहोचत नाही. दोन्ही हात हलवले. ती पाण्यात थांबलीय. तीही हात हलवतेय. हसतेय. पायाला काहीतरी कळलं असेल तिला, म्हणून ती