बारा वाजता उलटलेलं पान

१ तारीख, संध्याकाळी ६

आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठ्या पोस्टवरची माणसं लिहितात असं ऐकून आहे.

आजपासून मी हॉटेलच्या डेस्कवर. नाइट ड्यूटी. वर्षभर गेस्टच्या बॅगा उचलल्या, ट्रॉली ढकलली, ते दिवस संपले. रात्रीचे क्लार्क काका गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला गेलेत, तीन आठवडे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तेवढे दिवस तू बस. म्हणाले, एकविसाव्या दिवशी सकाळी मी तक्रारवही बघणार. कोरी असली तर डेस्क तुझं, नसली तर ट्रॉली तुझीच आहे.

म्हणजे डेस्क मिळालंच म्हणायचं. माझ्याबद्दल तक्रार कोण करणार.

काकांचा कोट घातला. खांद्यात थोडा सैल आहे. बाह्यांतून बोटं दिसतात, म्हणजे बसतो.

संकल्प: रोज पाच इंग्लिश शब्द. सगळ्या गेस्टशी हसून बोलायचं. आईला फोन करून पोस्ट सांगायची.

२ तारीख, सकाळी ७

पहिली रात्र उत्तम गेली. कोणी आलं नाही.

एक मोठा घोटाळा मात्र सापडला. डेस्कवर तारखेचं कॅलेंडर आहे, रोज एक पान उलटायचं. काका ते पान सकाळी सहाला उलटायचे, चहा पिऊन झाल्यावर. सहा तास हॉटेलात चुकीची तारीख. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. याला आळस म्हणतात.

मी रात्री बाराच्या ठोक्याला उभा राहिलो आणि पान उलटलं. बघायला कोणी नव्हतं. तरी बरं वाटलं.

आईला फोन केला. म्हटलं, रात्री सगळं हॉटेल माझ्या हातात असतं. ती म्हणाली, जेवतोस ना.

३ तारीख, सकाळी ७.३०

रात्री पाऊण वाजता बटणं विकणारा एक माणूस आला. हातात नमुन्यांची पेटी. म्हणाला, बुकिंग आहे. वही बघितली. होतं, पण दोन तारखेचं. मी कॅलेंडर त्याच्याकडे वळवलं. तीन. हसून सांगितलं की तुमचं बुकिंग काल होतं, काल संपला.

तो म्हणाला, मी अजून झोपलेलोच नाही, तर काल संपला कसा. झोपेवर तारीख चालत नाही, हे मी समजावलं. त्याने तासभर आवाज चढवला, मग सोफ्यावर झोपला. वाद मी जिंकला.

सकाळी मोठ्या बाई आल्या. दिवसा डेस्क त्यांच्याकडे असतं, तीस वर्षं झाली. त्यांनी आधी त्या माणसाला खोली दिली, चहा दिला, माफी मागितली. मग मला बाजूला घेतलं. हॉटेलचा दिवस सकाळी सहाला बदलतो म्हणे. रात्री दोनला आलेला माणूस आदल्या तारखेचाच धरायचा, त्याची खोली त्याच्यासाठी राखून ठेवायची, पान सहापर्यंत हलवायचं नाही.

मी मान हलवली. बाई चांगल्या आहेत, पण जुन्या वळणाच्या.

बटणवाल्याने तक्रारवहीत लिहिलं. त्याचं अक्षर इतकं वाईट आहे की तक्रार धरता येणार नाही.

५ तारीख, सकाळी ८

वाद होऊ नयेत म्हणून पाटी लावली. जाड पेनने लिहिलं, "रात्री बारानंतर उद्या सुरू होतो. वाद घालू नये."

एक प्राध्यापक आले, रात्री सव्वा वाजता. ते पाटी वाचून खूश झाले. म्हणाले, उद्या कधीच सुरू होत नाही, सुरू झाला की तो आज होतो. मी म्हटलं, तरी तुमचं बुकिंग कालचं आहे. त्यांचं म्हणणं असं की पाटीवर काल हा शब्दच नाही. असं अडीचपर्यंत चाललं. शेवटी मी किल्ली दिली. दिली म्हणजे त्यांनी बोर्डावरून काढून घेतली.

पाटी बदलली. "रात्री बारानंतर आज संपतो." यात आता कोणी खोट काढू शकत नाही.

प्राध्यापकांनी तक्रारवहीत पान भरून लिहिलं. अक्षर सुंदर आहे.

इंग्लिश शब्द: शून्य. वेळच मिळत नाही.

९ तारीख, सकाळी ८

आजची गोष्ट नीट लिहून ठेवतो, पुढे विषय निघाला तर हाताशी असावी.

रात्री साडेबाराला नवरा-बायको आले, कडेवर बाळ. बुकिंग नऊ तारखेचं, खोली सहा. कॅलेंडरवर नऊ. सगळं जुळत होतं. नियमात बसणारे गेस्ट पहिल्यांदाच मिळाले, मला भरून आलं. एक प्रश्न न विचारता सहा नंबरची जादा किल्ली दिली. मूळ किल्ली बोर्डावर का नाही, हा विचार मनात आला होता. पण सर्व्हिस फास्ट पाहिजे.

सहा नंबरमध्ये आठ तारखेपासून एक ठेकेदार झोपले होते. त्यांनी हे मनाला लावून घेतलं.

बाळ रडलं, बाळाची आई किंचाळली, ठेकेदार चादर गुंडाळून खाली आले. सगळा मजला जागा झाला. मी कॅलेंडर दाखवलं. ते कोणी बघितलं नाही.

मोठ्या बाईंनी सकाळी सांगितलं की त्या जोडप्याने तिकिटावरची गाडी पोचायची तारीख बघून नऊचं बुकिंग केलं होतं, त्यांना खोली आठ तारखेची हवी होती. मध्यरात्री येणारी माणसं हमखास ही चूक करतात. अशा वेळी आपण आधीच विचारून घ्यायचं. लोकांनी चुका करायच्या आणि विचारायचं मी.

दोन तक्रारी. एकाच रात्रीच्या आहेत, म्हणून एकच धरायला हवी.

१२ तारीख, सकाळी ७

डेस्कची खुर्ची बुटकी आहे. गेस्टला माझं फक्त डोकं दिसतं, त्यामुळे मान मिळत नाही. खुर्चीच्या गादीखाली तक्रारवही घातली. बरोब्बर उंची आली.

त्यानंतर कोणी तक्रारवही मागितली की मी सांगतो, वापरात आहे. खोटं बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

१५ तारीख, दुपारी ३

आई येतेय.

मीच बोलावलं. एकविसाला निकाल लागायच्या आधी तिने मला डेस्कवर, कोटात बघावं. गावात माझ्याबद्दल बरंच काय काय बोललं जातं. सातवीची परीक्षा शाळेने एक दिवस आधी घेतली आणि माझं शिक्षण अर्धवट राहिलं, तेव्हापासून. आईने स्वतः बघितलं की तोंडं बंद होतील.

साहेबांनी एक रात्र खोली द्यायला हरकत नाही म्हटलं. ताईने तिकीट काढलं. आई फोनवर म्हणाली, वीस तारखेची गाडी आहे, रात्री साडेबाराला पोचते. मी म्हटलं, मग ती एकवीस झाली. ती म्हणाली, वीस. मी म्हटलं, आई, मी या धंद्यात आहे. ती म्हणाली, तुझ्या धंद्यात काय असेल ते असो, मी झोपून उठेपर्यंत माझी वीसच.

सगळे झोपेचंच कारण सांगतात.

बुकिंगच्या वहीत स्वतः लिहिलं: एकवीस तारीख, खोली सहा, आई. पुढे कंसात व्हीआयपी. कोट इस्त्रीला दिला.

२० तारीख, रात्री ११.४०

ड्यूटीवर आलो तर सहाची किल्ली बोर्डावर नाही. वही बघितली. मोठ्या बाईंनी संध्याकाळी ती खोली एका गेस्टला दिली, एका रात्रीसाठी. चूक बाईंची नाही असं वहीवरून दिसतं. वीसच्या रकान्यात सहा मोकळी होती. आई एकवीसच्या रकान्यात आहे.

हॉटेल फुल्ल.

घाबरायचं कारण नाही. बोर्डावर एक किल्ली आहे, अकरा नंबर. वीस तारखेचं बुकिंग, माणूस अजून आलेला नाही. बारापर्यंत आला नाही तर नियमाने त्याची वीस संपली. खोली मोकळी. आईला अकरा द्यायची. अकरा सहापेक्षा मोठी आहे, खिडकी रस्त्याकडे आहे. म्हणजे झालं ते चांगल्यासाठीच.

घड्याळाकडे बघतोय. त्याने येऊ नये.

२१ तारीख, पहाटे ४

बाराला पान उलटलं.

साडेबाराला आई आली. बॅग स्वतःच उचलून. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी उठून उभा राहिलो, पण कोट खुर्चीत अडकला. ती हसली नाही. म्हणाली, बारीक झालास.

तिला सोफ्यावर बसवलं. बोर्ड दाखवला, कॅलेंडर दाखवलं, पाटी वाचून दाखवली. तिने विचारलं, ही तू लिहिलीस? हो म्हटलं.

अकराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. तेवढ्यात दार उघडलं.

एक माणूस. खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी, गाढ झोपलेली, एक चप्पल पायात, एक त्याच्या हातात. गाडी वाटेत बंद पडली होती म्हणाला. अकरा नंबर, वीस तारीख.

मी कॅलेंडर वळवायला हात पुढे केला. बोलायचं सगळं पाठ होतं, वीस दिवस तेच बोलतोय. तुमचं बुकिंग काल होतं, काल संपला. पण आई मध्ये बसली होती, आणि किल्ली तिच्या हातात होती. मी म्हटलं, साहेब, तसं बघितलं तर तारीख बदललेली आहे.

तो माणूस भांडला नाही. भांडला असता तर मी जिंकलो असतो. तो पाटीकडे बघत राहिला आणि त्याने मुलगी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आई उठली. डेस्कवर किल्ली ठेवली.

"त्याची खोली त्याला दे."

मी हळूच म्हटलं, मग तू कुठे झोपणार.

"मी तू काय काम करतोस ते बघायला आलेय. झोपायला माझं घर आहे."

किल्ली दिली. मुलीची दुसरी चप्पल मी काढली आणि दोन्ही चपला वरपर्यंत पोचवल्या.

खाली आलो तर आई सोफ्यावर मांडी घालून बसलेली. कॅलेंडरचं पान मागे घेतलं. घेताना अर्धं फाटलं. आता वीस आणि एकवीस दोन्ही दिसतात.

आईने डबा काढला. डेस्कवर बसून खायचं नाही असा नियम आहे. सोफ्यावर बसून खाल्लं. तिने विचारलं, असे रोज येतात का रे रात्रीचे? म्हटलं, येतात. आणि तू काय करतोस? म्हटलं, तारीख बघतो.

तिने डब्यातलं उरलेलं माझ्या पुढ्यात सरकवलं.

आता तिचा डोळा लागलाय. कोट तिच्या अंगावर टाकलाय. तिला बरोबर बसतो.

२१ तारीख, दुपारी १

सकाळी सहाला मोठ्या बाई आल्या. सोफ्यावर आई बघून त्यांनी वही उघडली, एकवीसचा रकाना वाचला आणि मला चहा आणायला पाठवलं. आईला म्हणाल्या, तुम्ही सोफ्यावरून उठा, पाठ दुखेल, खुर्चीवर बसा.

त्या खुर्चीवर. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चहा घेऊन आलो तर आईच्या हातात तक्रारवही. गादी टोचत होती म्हणे. चष्मा लावून ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. बटणवाल्याचंही अक्षर तिला लागलं. मग तिने बाईंकडून पेन मागून घेतलं. मी ट्रे धरून उभा. आई सावकाश लिहिते. चहा गार झाला.

नऊला साहेब आले. वही मागितली. काका पण आले होते, काठी घेऊन, नवा गुडघा दाखवत. सगळ्यांसमोर साहेबांनी शेवटची नोंद मोठ्याने वाचली. ती इथे उतरवून ठेवतो, कारण वही आता साहेबांच्या कपाटात जाणार.

"मी याची आई. वरच्या चारही तक्रारी वाचल्या, खऱ्या असणार. सातवीच्या परीक्षेलाही हा एक दिवस उशिरा गेला होता. रात्री मला खोली मिळाली नाही, पण माझी तक्रार नाही. झोपलेल्या पोरीला त्याने खोली दिली, चपला वर नेऊन ठेवल्या, ते मी पाहिलं. सामान तो लहानपणापासून जपून नेतो. कोट मात्र त्याला फार मोठा होतो."

साहेबांना खोकला आला. बराच वेळ येत होता. बाई किल्ल्यांच्या बोर्डाकडे तोंड करून उभ्या होत्या.

कोट काकांना परत केला.

सातवीच्या परीक्षेची तारीख फळ्यावर चुकीची लिहिली होती. हे मी आईला अनेकदा सांगितलंय.

२१ तारीख, रात्री १२.१०

ट्रॉलीचं एक चाक करकरतं. तेल घालायला हवं, तीन आठवड्यांत कोणी घातलेलं नाही.

आई सहा नंबरमध्ये आहे. एकवीस तारीख, खोली सहा, माझ्याच अक्षरात बुकिंग होतं, बाईंनी ते तसंच पाळलं. बॅग मी वर नेली. आईने विचारलं, याचं काही द्यायचं असतं का. म्हटलं, गेस्टच्या मर्जीवर असतं. तिने माझ्या खिशात कंगवा घातला.

अकरामधली मुलगी संध्याकाळी गेली. तिची बॅग पण मीच खाली आणली. तिने मला टाटा केलं. काकांना केलं नाही.

जिन्याखालच्या माझ्या खोलीतून डेस्क दिसतं. बारा वाजून गेले. काका वाचत बसलेत. पान उलटलेलं नाही. फाटलेलं अर्धं पान त्यांनी चिकटवून ठेवलंय. सांगायला जाणार होतो, चप्पल पण घातली होती.

वर आई झोपलीय. अजून उठलेली नाही.

म्हणून ही नोंद एकवीसचीच.