साडीचा रंग आठवेपर्यंत

प्रिय सुमती,

तुला जाऊन चार वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय. रागावू नकोस. एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

बोरीवलीच्या आपल्या खिडकीत बसलोय. समोरचा डोंगर मघाशी निळा होता, मग जांभळा झाला, आता नुसताच धूसर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं मास्तरांचं सुरू!"

तर ऐक. अंधेरीच्या एका कॉलेजात सिनेमा आणि छायाचित्रणाची पदवी सुरू झाली आहे. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला विद्यापीठाने तिघांची समिती नेमली. काही मुलं पटकथेचा पेपर मराठीत लिहितात, म्हणून एक निवृत्त मराठी मास्तर हवा होता. हसतेस ना? ज्याने दरवेळी फोटोत तुझं डोकं कापलं, तो आता या पदवीची पारख करतोय!

समितीतले इंजिनिअरसाहेब तासाभरातच म्हणाले, "कॅमेरे जुने, अंधारखोलीला ओल. आणि फोटो काढायला पदवी कशाला हवी? बंद करा." समितीतल्या बाई म्हणाल्या, "बंद केलं तर ही मुलं जातील कुठे?" मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. माझ्या हातात छापील तक्ता. यंत्रं, पुस्तकं, शिक्षक, निकाल असे रकाने. मी तो कोराच घेऊन वर्गावर्गातून हिंडत राहिलो.

एका टेबलाशी पाय थबकले गं! कापूस, काड्या, रंगांच्या ट्यूबा. आणि तोच वास, आपल्या स्वयंपाकघरात आमटीच्या फोडणीत मिसळायचा तो. जुन्या पद्धती शिकायच्या म्हणून मुलं काळ्यापांढऱ्या फोटोंत हाताने रंग भरत होती.

मालाडच्या स्टुडिओतून तू फोटोंचा गठ्ठा आणायचीस. काडीला कापूस गुंडाळून गाल, ओठ, बांगड्या रंगवायचीस. ती चूक आठवते तुला? एका तरुण बाईच्या कपाळावर सवयीने लाल कुंकू टेकवलंस. स्टुडिओवाले जयंतीभाई धावत घरी आले. "बेन, वाट लागली! नवरा जाऊन तिला दोन महिने नाही झाले!"

तू चपला घातल्यास आणि थेट तिच्या दारात. मी मागे, तोंड लपवत. तिने फोटो हातात घेतला, कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "पुसू नका, ताई. सासूला नाही दाखवणार. मला बघायला ठेवते."

परत येताना तू रडलीस. मी धीर द्यायला एक कविता म्हणू लागलो, तर फटकारलंस! "कवितेत चालतं, मास्तर. तिथे कुणाच्याही कपाळी चंद्र लावा. इथे आधी विचारावं लागतं." त्यानंतर विचारल्याशिवाय तू कधी रंगाला हात लावला नाहीस.

त्या टेबलाशी उभ्याउभ्याच मी पाकिटातून तुझा फोटो काढला. जयंतीभाईंनी काढलेला, बिनरंगाचा. साऱ्या मालाडला रंगवलंस आणि स्वतःला तसंच ठेवलंस! मी एकदा म्हणायला हवं होतं, नाही का? सुचलंच नाही गं.

टेबलाशी विक्रोळीची एक मुलगी होती, वंदना. वडील कारखान्यात मशीनवर आहेत. तिला म्हटलं, "यात रंग भरशील?" तिने कापूस उचलला आणि परत खाली ठेवला.

"आजोबा, या कोण?"

"माझी बायको. आता नाही."

"कुंकू लावायच्या ना?"

"शेवटपर्यंत."

"आणि ही साडी कुठल्या रंगाची होती?"

सुमती, कुठल्या रंगाची होती गं ती? माझ्या डोळ्यांपुढे काहीच येईना! म्हणालो, "मोरपिशी... असावी."

"असावी?"

शेजारचा मुलगा वैतागला. "अगं, भर ना काहीपण! मार्क हाताला आहेत, साडीला नाहीत."

"त्यांची बायको आहे रे!" ती त्याच्यावर खेकसली. मग मला हळूच म्हणाली, "नीट आठवा, आजोबा. मग भरू."

हे विचारायला कुणी शिकवलं, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "पहिला महिना सरांनी कॅमेराच दिला नाही. ज्याचा फोटो काढायचा, त्याच्या घरी जाऊन बसायचं. नुसतं ऐकायचं."

तुला हे शिकायला एका बाईच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं. इथे ते पहिल्या महिन्यात शिकवतात. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी खाली समासात लिहिलं: इथली मुलं रंग भरण्याआधी विचारतात. पदवी चालू राहावी.

उद्या तो तक्ता देणार आहे. इंजिनिअरसाहेब हसले तर तुझ्या चुकीची गोष्ट सांगेन. चालेल ना?

आणि घरी येऊन तुझी ट्रंक उघडेन. चार वर्षांत तिला हात लावला नाही. एकेक साडी खिडकीत धरेन. फोटोत काठावर बारीक कोयऱ्या दिसतात, तेवढ्यावरून ओळखेन. सापडली तर साडीच घेऊन वंदनाकडे जाईन. नाही सापडली, तर तू आहेस तशीच काळीपांढरी राहशील. पुन्हा मोरपिशी म्हणणार नाही. वचन.

तुझा,
मास्तर