माहेरची पाहुणी

गार्गीचे बाबा,

वरच्या खोलीतल्या लहान पोरीले घेऊन मी पोलीस ठाण्यात चालली. तिची मम्मी काल सकाळी “तासाभरात दवाखान्यातून येतो” म्हणून गेली, ते अजून आली नाही. फोन बंद आहे.

रोजच्या भाड्यानं खोली दिली की पाहुण्याचं आधार कार्ड त्याच दिवशी ठाण्यात द्या लागते, हे मी आईले दहादा सांगतलं. पण ती बाई भातकुलीची निघाली. “माह्या माहेरच्या माणसाले कागद मागू काय?” म्हणून आई माह्यावरच खेकसल्या. आधार कार्ड घेतलं नाही, ओटी मात्र भरली.

आज त्याईनं भातकुलीत चार घरी फोन लावले. अशी बाई तिथं कोणाच्याच ओळखीची नाही. तवापासून आई देवघरापुढून उठल्या नाहीत. त्याईले रागावू नका, चहा करून द्या अन् सरळ ठाण्यात या. पोरगी आमीच पळवली म्हणतील, याचं मले लय भेव लागून राहिलं.

पहिले तिच्या मम्मीचं नाव विचारतील. पोरगी नुसतं “मम्मी” म्हणते. म्हणून पाहुण्यांची वही उघडली. नावाच्या रकान्यात आईच्या अक्षरात एवढंच आहे: माहेरची.

रागिणी